शरथ कमल थांबला. टेबल टेनिसमधलं 'करिअर' नेमकं कशावर उभं राहतं?

फोरहँडवाला
३ एप्रिल २०२५, रात्री १०:२०

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चेन्नईच्या स्टार कंटेंडर स्पर्धेत भारताचा टेबल टेनिसपटू शरथ कमल शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. समोर स्नेहित सुरावज्जुला, वयाने जवळजवळ अठरा वर्षांनी लहान. शरथ सरळ गेममध्ये हरला. आपलं पहिलं आंतरराष्ट्रीय पाऊल चेन्नईत पडलं, शेवटचंही तिथेच पडावं, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं.

शरथचा आणि माझा जन्म एकाच वर्षीचा, १९८२. त्यामुळे त्याची कारकीर्द मी माझ्या वयाबरोबर मोजत आलो. मी पहिली नोकरी धरली तेव्हा तो मेलबर्नला राष्ट्रकुलचं एकेरीचं सुवर्ण जिंकत होता (२००६, अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा विल्यम हेन्झेल, सातव्या गेमपर्यंत गेलेला सामना). आणि मला जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा, २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमला लियम पिचफर्डला हरवून त्याने तेच सुवर्ण पुन्हा घेतलं. मध्ये सोळा वर्षं. त्या एका स्पर्धेत तीन सुवर्ण आणि एक रौप्य, वय चाळीस.

वर्तमानपत्रांत सगळीकडे पदकांची यादी आली. राष्ट्रकुलची तेरा पदकं, त्यातली सात सुवर्ण. दहा राष्ट्रीय विजेतेपदं, पाच ऑलिंपिक, खेलरत्न, पॅरिसला सिंधूबरोबर तिरंगा. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. पण मला बोलायचं आहे ते मधल्या वर्षांबद्दल.

२०१० मध्ये त्याने इजिप्त ओपन जिंकली, हाँगकाँगच्या ली चिंगला हरवून. प्रो टूरची, म्हणजे तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मालिकेतली, स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये शुभजित साहाबरोबर दुहेरीचं सुवर्ण. वय अठ्ठावीस. कोणालाही वाटेल की आता हा सुटला. पुढे काय झालं पाहा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला तो नव्हता. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये एकेरीत हाती काही लागलं नाही, दुहेरीत रौप्य. २०१५ मध्ये मोठी दुखापत. २०१६ ला रिओत पहिल्याच फेरीत रोमानियाच्या क्रिसानकडून हार. चौतीस वर्षांचा खेळाडू, पायाला दुखापत होऊन गेलेली, ऑलिंपिक पहिल्या फेरीत संपलेलं. त्या दिवशी तो थांबला असता तरी कोणी नावं ठेवली नसती.

पण खरं पीक त्यानंतरचं आहे. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुलमध्ये सांघिक सुवर्ण. त्याच वर्षी जकार्ताला आशियाई स्पर्धेत सांघिक कांस्य, तेही उपांत्यपूर्व फेरीत जपानला हरवून. आशियाई स्पर्धेत टेबल टेनिसचं भारताचं हे पहिलं पदक, आणि त्यापाठोपाठ मनिका बत्राबरोबर मिश्र दुहेरीचं दुसरं. २०२० च्या मार्चमध्ये ओमान ओपन जिंकली, म्हणजे इजिप्तनंतर दहा वर्षांनी. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये चीनच्या मा लाँगकडून एक गेम घेतला आणि तिसरा गेम ११-१३ पर्यंत ओढला. तो सामना मी तीन वेळा पाहिला आहे.

माझा प्रश्न असा. २०११ ते २०१६ या काळात माणूस टिकतो कशावर? जिद्द वगैरे असतेच, ती सगळ्यांकडेच असते. पगार कुठून येतो, रोज समोर खेळायला कोण असतं, घर कोण सांभाळतं, हे सगळं कसं जुळतं? जाणकारांनी लिहावं.

---

सई_ठाणे
३ एप्रिल २०२५, रात्री ११:०५

धागा अगदी वेळेवर आला. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, जिल्ह्यात पहिल्या आठात असते. तिला 'यातच' जायचं आहे. नवरा म्हणतो खेळू दे, सासरे म्हणतात दहावीनंतर बंद.

आमचा हिशोब सांगते. बॅटवर चिकटवायचं एक चांगलं रबर पाच हजारांच्या आसपास, बॅटला दोन बाजू, आणि रोज तीन तास खेळणाऱ्या मुलीचं रबर तीन महिन्यांत मरतं. म्हणजे फक्त रबराचे वर्षाला चाळीस हजार. त्यावर शूज, बॉल, प्रशिक्षकांची फी, राज्यभरच्या स्पर्धा, सोबत एका मोठ्या माणसाचं तिकीट आणि मुक्काम. हे तेराव्या वर्षी. शाळा हजेरीसाठी अडून बसते ते वेगळंच. मागच्या वर्षी स्पर्धेहून परतल्यावर तिला चाचणी पुन्हा देऊ दिली नाही, ती रात्रभर रडली.

मला पदकं नकोत असं म्हणणार नाही, पण आधी मला हे कळायला हवं की पंचविसाव्या वर्षी ती पोट कशावर भरेल.

---

जुनी_बॅट
४ एप्रिल २०२५, सकाळी ७:१५

सईताई, फोरहँडवाला, दोघांनाही एकत्रच उत्तर देतो. मी मुंबईत सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात कार्यालयीन स्पर्धा खेळलो. राष्ट्रीय पातळीचा नव्हतो, पण त्या पातळीच्या लोकांकडून नियमित हरलो आहे.

आमच्या काळी उत्तर एका शब्दात होतं, नोकरी. रेल्वे, बँक, विमा, मोठ्या कंपन्या. दुपारनंतर सरावाला सोडायचे आणि स्पर्धेला पगारी रजा मिळायची. सुधीर ठाकरसी, फरोख खोदाईजी, नीरज बजाज, शैलजा साळोखे ही नावं तेव्हा आम्हाला सिनेनटांसारखी होती. मग कमलेश मेहता आला. आठ वेळा राष्ट्रीय विजेता, १९८८ ला सोल आणि १९९२ ला बार्सिलोना. सोलला त्याच्याबरोबर आपला सुजय घोरपडेही होता. टेबल टेनिस ऑलिंपिकमध्ये आलं तेच मुळी १९८८ ला. म्हणजे त्याआधीच्या आमच्या उत्तम खेळाडूंना तो मंचच मिळाला नाही, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं.

कमलेशचा आठ विजेतेपदांचा विक्रम शरथने २०१९ मध्ये कटकला मोडला, भारताच्याच धाकट्या सत्यनला हरवून. दहावं २०२२ ला शिलाँगला, तेव्हाही समोर सत्यनच.

आणि एक गोष्ट, जी न खेळणाऱ्याला सहज लक्षात येत नाही. शरथच्या कारकिर्दीत हा खेळ अनेकदा मुळापासून बदलला. तो मोठा होत असताना चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला (२०००). लगेच एकवीसचा गेम अकराचा झाला (२००१). मग सर्व्हिस हाताआड लपवायला बंदी आली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर स्पीड ग्लू, म्हणजे रबर फुगवणारं सोल्यूशन, बंद झाला. २०१४ ला सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून रबर फुगवायचं आम्हाला माहीत होतं, त्या वासाने सरावाची खोली भरून जायची. ते लावलं की चेंडू बॅटवरून गोळीसारखा सुटायचा. शरथचा खेळ म्हणजे तो लांब हाताचा फोरहँड, मागे जाऊन मारलेला. सोल्यूशन गेलं, चेंडूची फिरकी कमी झाली, तशी मागून मारण्याची किंमत उतरली. २०१५ नंतरचा शरथ पाहा, टेबलाजवळ उभा राहतो, बॅकहँडने लवकर चेंडू घेतो. तिशी उलटल्यावर हात नव्याने घडवणं काय असतं, ते ज्याने एकदा तरी ग्रिप बदलून पाहिली आहे त्यालाच ठाऊक.

---

राइनकाठ
४ एप्रिल २०२५, दुपारी १:४०

मी ड्युसेलडॉर्फजवळ राहतो, नोकरीसाठी आलो आणि इथे पुन्हा खेळायला लागलो. 'मधली वर्षं कशावर' याचं निम्मं उत्तर माझ्या घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर आहे.

शरथ आधी स्पेनमध्ये आणि मग जर्मनीत क्लबकडून खेळला, बोरुसिया ड्युसेलडॉर्फकडूनही. हा जर्मनीच्या दिग्गज टिमो बॉलचा क्लब. बुंडेसलीगाची, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगची, लढत अशी असते: तीन-तीन खेळाडू, चार एकेरी, आणि बरोबरी झाली तर शेवटी दुहेरी. क्लब हंगामाचा करार करतो, पैसे देतो. पण खेळाडूला खरा फायदा होतो तो सरावात. जर्मनीचं राष्ट्रीय टेबल टेनिस केंद्रही याच शहरात आहे. सकाळी उठून हॉलमध्ये गेलात की समोर जगातल्या पहिल्या पन्नासातला कोणीतरी उभा असतो. भारतात त्या वर्षांत शरथला असा समोरचा खेळाडू जवळजवळ नव्हता. पहिल्या क्रमांकाच्या माणसाची हीच अडचण, रोज त्याला हरवू शकेल असा कोण आहे?

माझा स्वतःचा अनुभव अगदी तळाचा. मी जिल्हा पातळीच्या लीगमध्ये खेळतो. गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत सोमवारी संध्याकाळी आम्हीच टेबलं मांडतो, आम्हीच उचलतो. संघात एक सुतार, एक निवृत्त शिक्षिका, एक सोळा वर्षांचा मुलगा. प्रत्येकाला गुणांकन असतं, प्रत्येक अधिकृत सामन्यानंतर ते बदलतं, आणि माझ्यापासून टिमो बॉलपर्यंत सगळे एकाच मोजपट्टीवर. त्या सोळा वर्षांच्या मुलाला ठाऊक असतं की वरच्या पायरीला किती गुण हवेत. सईताई, तुमच्या मुलीला जिल्ह्यात पहिल्या आठात असूनही पुढची पायरी दिसत नाही, यात तिचा दोष नाही. आपल्याकडे पायऱ्याच बांधलेल्या नाहीत.

---

मकरंद_४०प्लस
४ एप्रिल २०२५, दुपारी ३:३०

उरलेलं निम्मं उत्तर इंडियन ऑईल. शरथ तिथे नोकरीला आहे. पेट्रोलियम कंपन्यांचं क्रीडा मंडळ राष्ट्रीय स्पर्धेत स्वतःचा संघ उतरवतं, राज्यांसारखाच. सत्यन ओएनजीसीत. आता रिझर्व्ह बँकही जोरात उतरली आहे: जानेवारीत सुरतला मानुष शाह आणि आपली मुंबईची दिया चितळे राष्ट्रीय विजेते झाले, दोघंही रिझर्व्ह बँकेकडून.

माझं मत थोडं कडू आहे. या नोकऱ्यांनी खेळ जगवला, पण जागा मोजक्या. देशातले पहिले वीस-पंचवीस सोडले तर बाकीच्यांना काही नाही. सव्विसाव्या क्रमांकाचा मुलगाही दिवसाला सहा तासच खेळतो.

---

वृंदा_क
४ एप्रिल २०२५, रात्री ९:१०

मकरंद, सहमत. पण मुलींबद्दल कोणी बोलणार आहे का?

मनिका बत्राने २०१८ ला गोल्ड कोस्टला चार पदकं आणली. सांघिक अंतिम फेरीत सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवलं, मग एकेरीचं सुवर्ण घेतलं. सिंगापूरच्या मुली राष्ट्रकुलमध्ये हरत नाहीत हा समज तिने मोडला. गेल्या वर्षी पॅरिसला मनिका आणि श्रीजा अकुला दोघी एकेरीत शेवटच्या सोळांत. सांघिकमध्ये मुलींनी रोमानियाला घरी पाठवलं. आणि जर्मनीविरुद्धच्या उपांत्यपूर्व लढतीत भारताचा एकमेव विजय अर्चना कामतने मिळवला.

त्या अर्चनाने ऑलिंपिकनंतर काही दिवसांतच व्यावसायिक खेळ सोडून अमेरिकेत शिकायला जायचं ठरवलं. वय चोवीस. तेव्हा समाजमाध्यमांवर लोक हळहळले, काहींनी नावंही ठेवली. मला तो निर्णय पूर्ण कळतो. ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या खेळाडूला हरवणारी मुलगीसुद्धा पुढच्या चार वर्षांचा हिशोब मांडते आणि पुस्तक उचलते, तर मग या खेळाने तिला काय देऊ केलं होतं, हे विचारायला नको का?

---

फोरहँडवाला
४ एप्रिल २०२५, रात्री १०:४५

वृंदाताई, हे धाग्याच्या मूळ लेखातच यायला हवं होतं. धन्यवाद.

पण अर्चनाचा निर्णय म्हणजे खेळाचा पराभव असं मी म्हणणार नाही. ती अभ्यासातही तितकीच हुशार, तिच्यापुढे दोन दारं उघडी होती. माझी काळजी त्यांची आहे ज्यांनी बारावीही धड केली नाही आणि विसाव्या वर्षी क्रमवारी अडकली. सत्यनचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याने अभियांत्रिकीची पदवी पूर्ण केली, प्रशिक्षक रामन सरांकडे सराव चालू ठेवला, आणि २०१९ ला जगात २४ व्या क्रमांकापर्यंत गेला.

राइनकाठ, समोरच्या खेळाडूचा तुमचा मुद्दा वाचून एक गोष्ट जुळली. २०१६ नंतर इटलीचे मास्सिमो कोस्टान्टिनी पुन्हा भारताचे प्रशिक्षक झाले आणि त्याच सुमारास सत्यन, हरमीत, अमलराज, आपला सनिल शेट्टी अशी पिढी तयार झाली. म्हणजे जो समोरचा खेळाडू शोधायला शरथला युरोपात जावं लागायचं, तो आता घरच्या शिबिरातच होता. २०१८ ची पदकं तिथून आली असं मला वाटतं. धाकट्यांनी शरथकडून घेतलं हे सगळे लिहितात. त्याने त्यांच्याकडून किती घेतलं, हे कोणी लिहीत नाही.

---

जुनी_बॅट
५ एप्रिल २०२५, सकाळी ६:५०

वृंदाताईंच्या मुद्द्यावर पूर्ण होकार.

एक आठवण सांगतो. १९५२ ला जागतिक स्पर्धा मुंबईत झाली होती. माझे वडील प्रेक्षकांत होते, आणि हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल. तोवर सगळ्यांच्या बॅटला खडबडीत रबर, दोन्हीकडून टक-टक आवाज यायचा, खेळणारा कानानेही खेळायचा. त्या वर्षी जपान पहिल्यांदाच जागतिक स्पर्धेत उतरलं. त्यांचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. एका बाजूने टक, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. समोरच्यांना चेंडू कधी सुटला ते कळेना. चष्मा घातलेला, किरकोळ अंगाचा तो माणूस जगज्जेता होऊन गेला.

आज जगातली जवळजवळ प्रत्येक बॅट त्या स्पंजवर चालते. आणि ज्या शहरात ते घडलं तिथे सराव करायला संध्याकाळी चार टेबलांवर वीस मुलं उभी असतात. माझी तक्रार एवढीच.

---

सई_ठाणे
५ एप्रिल २०२५, दुपारी १२:२०

काका, ही गोष्ट मुलीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आवाज नसेल तर मी पण चुकेन."

राइनकाठ, पायऱ्यांबद्दल लिहिलंत ते वाचून बराच वेळ बसून राहिले. एक विचारू? जागतिक क्रमवारीत वर जायचं तर पैसे भरून फिरावंच लागतं का?

---

राइनकाठ
५ एप्रिल २०२५, दुपारी ४:०५

दुर्दैवाने हो. क्रमवारी बारा महिन्यांतल्या सर्वोत्तम आठ निकालांवर ठरते. म्हणजे आठ चांगले निकाल हवेत तर पंधरा-वीस ठिकाणी जावं लागणार. फीडर, कंटेंडर, स्टार कंटेंडर, स्मॅश अशी उतरंड आहे, आणि खालच्या क्रमांकाच्या खेळाडूला बहुतेक ठिकाणी आधी पात्रता फेरी. तिथे पहिल्याच दिवशी हरलात तर विमानाचं तिकीट गेलं. सरकारच्या योजनेत नाव असलं की खर्च निघतो, पण नाव यायला आधी निकाल हवेत.

मात्र हीच पद्धत कधी उलटी फिरते ते पाहा. गेल्या वर्षी मार्चमध्ये सिंगापूर स्मॅशला शरथ पात्रता फेरीतून आला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, रिकाम्या हॉलमध्ये पात्रता खेळतोय. पुढे त्याने स्लोव्हेनियाच्या योर्गिचला हरवलं, इजिप्तच्या ओमर असारला हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सच्या सतरा वर्षांच्या फेलिक्स लब्रँकडून हरला. जागतिक क्रमवारीत एका आठवड्यात ८८ वरून ३४. पॅरिसचा त्याचा पाचवा ऑलिंपिक प्रवेश त्यातूनच निघाला.

---

मकरंद_४०प्लस
५ एप्रिल २०२५, संध्याकाळी ६:१५

सिंगापूरच्या त्या आठवड्यात मी पहाटे उठून गुण बघायचो. पॅरिसला मग स्लोव्हेनियाच्या कोझुलकडून पहिल्या फेरीत हरला तेव्हा वाईट वाटलं, पण सिंगापूरचं ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

अल्टिमेट टेबल टेनिस या आपल्याकडच्या संघांच्या लीगचं नाव कोणी घेतलं नाही. २०१७ पासून चालू आहे. २०२३ चा हंगाम पुण्यात बालेवाडीला झाला, गोवा चॅलेंजर्सनी शरथच्या चेन्नई लायन्सना हरवून करंडक नेला. त्यात परदेशी खेळाडूंबरोबर आपली मुलं काही दिवस राहतात, सराव करतात. हंगाम छोटा असतो, त्यावर वर्ष निघत नाही. पण सईताई, मुलीला एकदा प्रत्यक्ष दाखवा. टीव्हीवर चेंडूचा वेग कळत नाही.

---

जुनी_बॅट
५ एप्रिल २०२५, रात्री ८:३०

सईताई, सल्ला मागितला नाहीत तरी वयाच्या हक्काने देतो. दहावी होऊ द्या, खेळ बंद करू नका. संध्याकाळचे तीन तास जमत नसतील तर सकाळी दीड तास ठेवा, पण तो मल्टीबॉलचा असू द्या, समोर चेंडू टाकणारा जाणता माणूस हवा. या वयात तिला महागडं रबर लागत नाही. थोडं मंद, टिकाऊ रबर लावा, मनगट तयार होईल. चाळीसचे पंधरा हजार होतील आणि खेळही सुधारेल. वाचलेल्या पैशांतून वर्षाला दोन स्पर्धा जास्त खेळवा, शक्यतो राज्याबाहेर, जिथे तिला कोणी ओळखत नाही आणि पहिल्या फेरीत जोरदार कोणीतरी समोर येईल.

---

सई_ठाणे
६ एप्रिल २०२५, रात्री ९:५०

काका, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण "मल्टीबॉल म्हणजे काय" एवढं विचारलं. मुलीने त्यांना जेवणाच्या टेबलापाशी उभं करून दाखवलं. टोपलीत बॉल घेऊन तिने त्यांना टाकायला लावले. वीस-एक मिनिटं चाललं होतं. त्यांचे निम्मे बॉल बाजूच्या खोलीत जात होते, तरी त्यांनी थांबवलं नाही.

आज सकाळी सहाला तेच तिला उठवायला गेले होते.

मंद रबराचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवाल का? दोन्ही बाजूंना एकच लावायचं की फोरहँडला वेगळं?